आवाज जवळून, चित्र लांबून: ऑडॅसिटी आणि शॉटकट जोडून व्हिडिओ कसा तयार करायचा

मालवण तालुक्यातल्या आमच्या घराची मागची पडवी समुद्राला इतकी लागून आहे की भरतीच्या वेळी बोलताना आवाज आपोआप चढतो. त्या पडवीत आजी बिडाच्या तव्यावर घावणे घालत होती. पीठ किती पातळ हवं, तवा किती तापू द्यायचा, हे ती सांगत होती. मी मोबाईल स्टँडवर लावून चार-पाच हातांवरून चित्रण केलं. संध्याकाळी पाहिलं तर चित्र सुरेख आलं होतं, तव्यावरून उठणारी वाफसुद्धा दिसत होती. पण आजीचे शब्द गाजेत बुडाले होते, आणि पीठ तव्यावर पडताना होणारी ती ‘चर्र’ ऐकूच येत नव्हती.

मोबाईल बिघडलेला नव्हता. कॅमेऱ्याला सगळं दिसायला तो लांब हवा आणि माईकला नीट ऐकू यायला तो जवळ हवा. एकच यंत्र दोन जागी कसं ठेवणार? म्हणून चित्र एका यंत्रावर घ्यायचं, आवाज दुसऱ्या यंत्रावर घ्यायचा आणि नंतर दोन्ही जुळवायचे. सिनेमावाले वर्षानुवर्षं असंच करत आले आहेत. आज हेच काम घरच्या लॅपटॉपवर, एक पैसा न भरता करता येतं. ज्यांनी यातलं कुठलंच सॉफ्टवेअर अजून उघडलेलं नाही, त्यांच्यासाठी हे सगळं सुरुवातीपासून लिहितो आहे.

कोणती साधनं लागतात

आवाजासाठी ऑडॅसिटी. हे सॉफ्टवेअर २००० सालापासून लोकांच्या हाती आहे, मोफत आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. ऑडॅसिटी व्हिडिओ दाखवत नाही, त्याला फक्त आवाज कळतो. म्हणून चित्रासाठी दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं. मी शॉटकट वापरतो. तेही मोफत आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही बऱ्यापैकी चालतं. केडेनलाइव्ह त्याच्याच तोडीचं आहे. दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती या दोघांपेक्षा ताकदवान आहे, पण तिला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. नवख्या माणसाने शॉटकट किंवा केडेनलाइव्हपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. कामाची पद्धत सगळीकडे तीच असते, फक्त बटणांच्या जागा बदलतात.

आवाज घेण्यासाठी दोन मार्ग आहेत. माणूस एका जागी बसून बोलणार असेल तर यूएसबी माईक लॅपटॉपला लावून थेट ऑडॅसिटीत रेकॉर्ड करा. माणूस हिंडणार असेल, किंवा तुम्ही किनाऱ्यावर, जत्रेत, बागेत असाल, तर घरातला दुसरा मोबाईल घ्या, त्याला कॉलरला लावायचा छोटा माईक जोडा आणि तो मोबाईल बोलणाऱ्याच्या खिशात ठेवा. रेकॉर्डिंगच्या अॅपमध्ये वेव्ह फाइलची सोय असेल तर तीच निवडा, तिच्यात आवाज दाबून लहान केलेला नसतो. मोबाईलची एमफोरए फाइल ऑडॅसिटीत उघडायची असेल तर विंडोजवर एफएफएमपेग नावाची मोफत जोडणी आधी बसवून घ्यावी लागते. ती नसेल तर ऑडॅसिटी फाइल उघडायला नकार देतं आणि नवखा माणूस घाबरतो की रेकॉर्डिंगच खराब झालं. रेकॉर्डिंग ठीक असतं.

आधी आकडे जुळवा

ऑडॅसिटी उघडल्यावर ‘ऑडिओ सेटअप’मध्ये जाऊन ‘ऑडिओ सेटिंग्ज’ उघडा. तिथे प्रोजेक्टचा सॅम्पल रेट, म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा मोजला जातो तो आकडा, सहसा ४४,१०० असतो, तो ४८,००० करा. व्हिडिओच्या जगात आवाज ४८,०००वरच चालतो. चित्राबरोबर जाणारा आवाज पहिल्यापासून त्याच मापात असला की पुढे रूपांतराची भानगड राहत नाही. एकाच माणसाचं बोलणं असेल तर चॅनल एक, म्हणजे मोनो. आवाज साठवण्याचा प्रकार ‘३२ बिट फ्लोट’ राहू द्या.

आता माईकसमोर बोलून पाहा आणि वरची पट्टी बघा. सर्वात मोठ्या शब्दाला पट्टी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये पोचली पाहिजे. शून्याला टेकली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पूर्वीसारखा करता येत नाही. कमी पातळीचा आवाज नंतर सहज वाढवता येतो. म्हणून शंका आली की थोडा कमीच ठेवा. आमच्याकडची माणसं गोष्ट रंगात आली की एकदम चढ्या आवाजात बोलतात. चाचणी घेताना त्यांना ‘एक दोन तीन’ म्हणायला लावू नका, एखादा भांडणाचा किस्सा सांगायला लावा. खरी पातळी तिथे कळते.

जागेचा अंदाजही आधी घ्या. वेव्ह फाइल ४८,०००ला, १६ बिट आणि मोनो असेल तर एका मिनिटाला साधारण ५.८ एमबी लागतात, तासाला साडेतीनशे एमबीच्या आसपास. ऑडॅसिटी ३२ बिटमध्ये साठवतं, तिथे दुप्पट धरा. रात्रभराचा दशावतार घ्यायचा तर हा हिशोब करूनच घराबाहेर पडा. आणि रेकॉर्डचं लाल बटण दाबण्याआधी प्रोजेक्ट एकदा सेव्ह करा. वीज कधी जाईल ते आपल्या हातात नाही.

वारा, गाज आणि पत्र्यावरचा पाऊस

याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्यांची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. दिवसा जमीन तापते आणि समुद्राकडून खारे वारे सुटतात. दुपारी त्यांचा जोर सर्वात जास्त. रात्री उलट, जमिनीकडून मतलई वारे वाहतात, ते मंद असतात. म्हणून बाहेरचं रेकॉर्डिंग सकाळी, ऊन चढण्याआधी उरकलेलं बरं. भरती-ओहोटीही बघा. ओहोटीला लाटा मागे गेलेल्या असतात आणि गाज बरीच उतरते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. गावातल्या कुठल्याही रापणकाराला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला, तिथी सांगितली की तो भरतीची वेळ बोटांवर मोजून देईल. ती वेळ टाळून आजीला चुलीपाशी बसवा.

वाऱ्याचा झोत थेट माईकवर बसला की ‘भड भड’ असा आवाज येतो, आणि त्याखाली शब्द कायमचे गाडले जातात. माईकवर स्पंजची टोपी हवीच. मोकळ्या किनाऱ्यावर तीही पुरत नाही, लव असलेलं आवरण लागतं. ते नसेल तर जुन्या लोकरी टोपीचा तुकडा रबराने बांधा. बोलणाऱ्याला समुद्राकडे पाठ करून उभं करा म्हणजे त्याच्या अंगानेच वारा अडतो. कॉलरचा माईक पदराच्या किंवा मंगळसूत्राच्या जवळ लावू नका. आजीच्या रेकॉर्डिंगमध्ये मला दोनदा फक्त मण्यांचा आवाज मिळाला होता. काकणं मात्र वाजू द्यावीत असं मला वाटतं, फक्त माईकपासून वीतभर लांब. तव्यावर हात फिरताना काकणांचा तो बारीक आवाज चित्रात जीव आणतो.

कौलांवरचा पाऊस सहन होतो, पत्र्यावरचा होत नाही. कुठलंही सॉफ्टवेअर पत्र्यावरचा पाऊस काढून आतलं बोलणं जसंच्या तसं देऊ शकत नाही. सर थांबेपर्यंत चहा घ्या.

करवंटीची टाळी

दोन्ही यंत्रं सुरू झाल्यावर, बोलणं सुरू होण्याआधी, कॅमेऱ्याला दिसेल अशी एक टाळी वाजवायची. सिनेमात पाटी आपटतात तीच गोष्ट. चित्रात दोन हात एकमेकांना टेकण्याचा क्षण दिसतो आणि आवाजाच्या आलेखात तोच क्षण सुळक्यासारखा उभा राहतो. हे दोन एकमेकांवर ठेवले की जुळवणी झाली. हाताच्या टाळीपेक्षा नारळाच्या दोन कोरड्या करवंट्या एकमेकींवर आपटलेल्या मला जास्त उपयोगी पडतात. त्यांचा आवाज टणक आणि आखूड असतो, त्यामुळे सुळका अगदी बारीक येतो आणि गाजेतसुद्धा उठून दिसतो.

क्रम असा ठेवा. आधी आवाजाचं यंत्र सुरू करा, मग कॅमेरा. तोंडाने सांगा: ‘घावणे, भाग एक.’ मग करवंटी वाजवा. मग वीस-तीस सेकंद कोणीच बोलायचं नाही, फक्त जागेचा आवाज घ्यायचा. ही शांतता पुढे दोनदा कामाला येणार आहे, म्हणून ती टाळू नका. आजी दर वेळी विचारते, “सुरू झाला काय रे?” आणि मी मान हलवतो. ते विचारणंही रेकॉर्ड होतं, होऊ द्या. शेवटी, यंत्रं बंद करण्याआधी, आणखी एकदा करवंटी वाजवा. कॅमेरा मध्येच बंद पडला किंवा बंद केला, तर पुन्हा सुरू केल्यावर पुन्हा टाळी. काही कॅमेरे अर्ध्या तासाच्या आसपास आपोआप थांबतात, त्यावर लक्ष ठेवा. मोबाईल वापरत असाल तर दोन्ही मोबाईल विमान मोडवर टाका. मध्येच फोन आला तर रेकॉर्डिंग तुटू शकतं.

कॅमेऱ्याचा स्वतःचा माईक बंद करू नका. त्याचा आवाज शेवटी वापरायचा नसला तरी जुळवणीत तो वाटाड्याचं काम करतो.

घरी आल्यावर पहिलं काम

दोन्ही यंत्रांतल्या मूळ फाइल्स एका फोल्डरमध्ये उतरवा आणि त्या फोल्डरची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर काढा. मूळ फाइल्सना पुढे हात लावायचा नाही. नावं समजतील अशी द्या: ‘घावणे चित्र १’, ‘घावणे आवाज १’. शॉटकटचं प्रोजेक्ट फाइल्स स्वतःत साठवत नाही, त्या कुठे आहेत एवढंच लक्षात ठेवतं. फाइल हलवली किंवा तिचं नाव बदललं की शॉटकट ती हरवली म्हणून सांगतं. म्हणून नावं आणि जागा आत्ताच ठरवा.

मोबाईलच्या व्हिडिओची एक खोड इथेच मोडावी लागते. बहुतेक मोबाईल सेकंदाला ठरावीक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्रं, घेत नाहीत, उजेड कमी झाला की त्या कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण आवाज जुळवताना सुरुवातीला ओठ बरोबर आणि दहा मिनिटांनी चुकलेले, असं होतं. अशी फाइल उघडल्यावर शॉटकट स्वतःच ती संपादनासाठी सोयीची करून घ्यायची का, असं विचारतं. ‘हो’ म्हणा. वेळ लागतो, फाइलही मोठी होते, तरी ‘हो’च म्हणा. हेच काम हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्येही होतं: व्हिडिओच्या पानावर ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडायचं आणि मूळ व्हिडिओ ज्या वेगाचा आहे तोच वेग ठेवायचा.

ऑडॅसिटीत सफाई, पण लांबी न बदलता

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा: ज्या आवाजाला चित्राशी जुळवायचं आहे, त्याची लांबी ऑडॅसिटीत एका क्षणानेही बदलू द्यायची नाही.

पहिल्या खेपेला मी नेमकं हेच केलं होतं. आजीचा खोकला कापला, मधल्या लांब शांतता ‘ट्रंकेट सायलेन्स’ने आखूड केल्या, सुरुवातीची टाळी नको म्हणून छाटली. ऐकायला आवाज फार छान झाला. मग चित्राखाली ठेवला तर पहिल्या वाक्यानंतर ओठ आणि शब्द कधीच भेटले नाहीत. दोन संध्याकाळी गेल्या, आणि शेवटी मूळ फाइलवरून सगळं पुन्हा करावं लागलं. खोकला घालवायचा असेल तर तो भाग निवडून ‘डिलीट’ करू नका, कंट्रोल आणि एल दाबून तेवढा भाग मुका करा. मुका केला की वेळ तेवढाच राहतो. कापाकापी सगळी नंतर शॉटकटमध्ये, चित्र आणि आवाज एकत्र धरून करायची.

आता सफाई. वेव्ह फाइल ऑडॅसिटीत ओढून टाका. आधी ‘हाय पास फिल्टर’ ८० हर्ट्झला लावा, तो त्या आकड्याखालचे खर्जातले आवाज कमी करतो. माणसाच्या बोलण्यातलं महत्त्वाचं जवळजवळ सगळं याच्या वर असतं. खालची घरघर, वाऱ्याचा धक्का आणि इन्व्हर्टरची ५० हर्ट्झची गुणगुण यांचा मोठा भाग इथेच जातो. भजनाचं रेकॉर्डिंग असेल तर मात्र ८० लावू नका, पखवाजाच्या धुमाचा घुमारा निघून जाईल. तिथे ४०च्या वर जाऊ नका.

मग ‘नॉइज रिडक्शन’. सुरुवातीला घेतलेली ती शांतता आठवते? त्यातले तीन-चार सेकंद निवडा, ‘नॉइज रिडक्शन’ उघडा आणि ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबा. ऑडॅसिटीने आता तुमच्या पडवीची पार्श्वभूमी ओळखून ठेवली. मग कंट्रोल आणि ए दाबून सगळा आवाज निवडा, तोच इफेक्ट पुन्हा उघडा आणि ६ ते ९ डेसिबल एवढीच घट लावा. लोभ धरू नका. २० लावलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. अंदाज घ्यायला त्याच चौकटीत ‘रेसिड्यू’ नावाचा पर्याय आहे. तो निवडून ‘प्रिव्ह्यू’ दाबून ऐकलं की काय काढून टाकलं जाणार आहे तेवढंच ऐकू येतं. त्यात नुसती सुसू असेल तर ठीक, शब्द ओळखू येत असतील तर घट जास्त झाली. ऐकून झालं की ‘रिड्यूस’वर परत यायला विसरू नका, नाहीतर कचरा राहील आणि आवाज जाईल.

पंख्याचा किंवा जनरेटरचा एकसारखा आवाज या इफेक्टने चांगला कमी होतो. लाटांचा होत नाही, कारण लाट चढते, फुटते, ओसरते, आणि दर क्षणी तिचं रूप वेगळं असतं. रातकिड्यांचंही थोडंफार तसंच. त्यामुळे गाज पूर्ण घालवायच्या मागे लागू नका. शब्द पुढे आले आणि गाज मागे राहिली की काम झालं. कोकणातल्या पडवीत गाज अजिबात नसेल तर ऐकणाऱ्यालाच ते खोटं वाटेल.

शेवटी पातळी. आवाज फार वर-खाली होत असेल तर ‘कॉम्प्रेसर’ हलक्या हाताने लावा. मग ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ उघडा. तिथे आधीपासून उणे २३ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) असतं, ते उणे १६ करा. यूट्यूब साधारण उणे १४ च्या वरचा आवाज स्वतः खाली आणतं, म्हणून त्याच्या जरा खाली राहिलेलं चांगलं. त्यावर ‘लिमिटर’ उणे १ डेसिबलला, म्हणजे एखादा चढलेला शब्द फाटणार नाही. मग ‘एक्सपोर्ट ऑडिओ’: वेव्ह, ४८,०००, मोनो, २४ बिट. एमपीथ्री काढू नका. व्हिडिओ तयार होताना आवाज एकदा दाबला जाणारच आहे, आधीच दाबलेला आवाज पुन्हा दाबला की पोकळ होतो. एमपीथ्रीच्या सुरुवातीला काही मिलिसेकंदांची रिकामी जागाही शिरू शकते, ती जुळवणीत त्रास देते. ऑडॅसिटीचं स्वतःचं प्रोजेक्टही सेव्ह करून ठेवा, उद्या घट जास्त वाटली तर परत येता येतं.

शॉटकटमध्ये जुळवणी

सर्वात आधी ‘सेटिंग्ज’मध्ये ‘व्हिडिओ मोड’ बघा आणि तो तुमच्या व्हिडिओसारखाच ठेवा. मग व्हिडिओ टाइमलाइनवर, म्हणजे खालच्या लांब पट्टीवर ओढा, खाली एक ऑडिओ ट्रॅक, म्हणजे आवाजाची ओळ घाला आणि साफ केलेली वेव्ह फाइल त्यावर ठेवा.

हाताने जुळवायची रीत आधी शिका, ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उपयोगी पडते. व्हिडिओवर ‘डिटॅच ऑडिओ’ केलं की कॅमेऱ्याचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर उतरतो. आता टाइमलाइन भरपूर मोठी करून पहिल्या टाळीपाशी या. दोन आलेखांत दोन सुळके दिसतील. खालची फाइल सरकवून तिचा सुळका वरच्याखाली आणा. मग बाण-कळीने एकेक फ्रेम पुढे जाऊन बघा, करवंट्या टेकतात त्या फ्रेमवर सुळका येतो का. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. शॉटकटमध्ये याहून बारीक सरकवता येत नाही, आणि त्याची गरजही नाही. अर्ध्या फ्रेमचा फरक बोलण्यात कोणाला जाणवत नाही.

दोन्ही आवाज एकत्र वाजवून पाहा. जुळले असतील तर एकच भरीव आवाज येतो. विहिरीत बोलल्यासारखा दुहेरी आवाज आला तर अजून थोडं सरकवायचं आहे. जुळल्यावर कॅमेऱ्याचा ट्रॅक मुका करा, पण खोडू नका.

टाळी राहून गेली असेल तरी सगळं संपलेलं नाही. आवाजाची फाइल निवडून टाइमलाइनच्या मेनूतलं ‘अलाइन टू रेफरन्स ट्रॅक’ वापरा. शॉटकट दोन्ही आवाजांतलं साम्य शोधून फाइल आपोआप जागेवर नेतं. केडेनलाइव्हमध्ये व्हिडिओवर ‘सेट ऑडिओ रेफरन्स’ आणि मग आवाजाच्या फाइलवर ‘अलाइन ऑडिओ टू रेफरन्स’ असं दोन पायऱ्यांत करायचं. रिझॉल्व्हमध्ये ‘ऑटो सिंक ऑडिओ’ आहे, त्यात वेव्हफॉर्मवर आधारित पर्याय निवडायचा. वाटाड्या चालू ठेवा म्हणालो ते यासाठीच. कॅमेऱ्याचा माईक बंद असता तर यातलं काहीच चाललं नसतं.

आता शेवटच्या टाळीकडे जा. तीही जुळली असेल तर निश्चिंत व्हा. नसेल तर दोन यंत्रांची घड्याळं किंचित वेगळ्या गतीने चालली आहेत. दहा लाखांत ५० एवढा फरक असला तरी तासाभरात ०.१८ सेकंद, म्हणजे साडेचार फ्रेम होतात, आणि ते ओठांवर दिसतं. उपाय सोपा आहे. दर पंधरा मिनिटांनी, जिथे कोणी बोलत नाही अशा जागी, आवाजाच्या फाइलला एस दाबून चीर द्या आणि पुढचा तुकडा एक फ्रेम सरकवा. काही मिनिटांतच सेकंदभराचा फरक पडत असेल तर मात्र घड्याळांना दोष देऊ नका. मोबाईलच्या फ्रेमचं रूपांतर करायचं राहिलं आहे, मागे जाऊन ते करा.

दशावतारात कॅमेरा लांब असतो तेव्हा

जत्रेतल्या नाटकात कॅमेरा प्रेक्षकांच्या मागे असतो आणि आवाजाचा मोबाईल रंगमंचापाशी, पेटीवाल्याच्या शेजारी. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कॅमेरा ३४ मीटर मागे असेल तर त्याच्या माईकला आवाज ०.१ सेकंद उशिरा पोचतो, चित्र मात्र लगेच पोचतं. अशा वेळी सॉफ्टवेअरने आपोआप जुळवलं तर ते उशिरा आलेल्या आवाजाशी जुळवतं, आणि झांज टेकल्यावर दोन-तीन फ्रेमनी आवाज येतो. आपोआप जुळवून झाल्यावर आवाज तेवढ्या फ्रेम मागे, म्हणजे डावीकडे आणा आणि झांजेकडे डोळे लावून खात्री करा. झांज ही तयार टाळीच असते, रात्रभर वाजत राहणारी.

मंडळींची परवानगी आधी घ्या. त्यांच्या रोजीरोटीचा खेळ आहे, पूर्ण नाटक चढवायचं की थोडा भाग, हे त्यांनी ठरवायचं. आणि पेटीवाल्याशेजारी मोबाईल ठेवताना तो कुणाच्या पायाखाली येणार नाही एवढं पाहा.

कापाकापी आणि पार्श्वभूमीचा आवाज

जुळवणी पक्की झाली की मगच कापायला घ्या. कापताना चित्र आणि आवाज दोन्हीला एकाच जागी चीर द्या आणि नको तो भाग दोन्हीकडून एकत्र काढा. एकाच ट्रॅकवरून काढला की पुढचं सगळं सरकतं.

दोन तुकडे जोडले की सांध्यावर गाज एकदम तुटते आणि कानाला ठेच लागते. इथे ती वीस-तीस सेकंदांची शांतता दुसऱ्यांदा कामाला येते. तिसरा ट्रॅक घ्या, त्यावर ती शांतता हलक्या आवाजात सलग अंथरा, आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला दोन-तीन फ्रेमचा चढ-उतार द्या. सांधे बुजतात. माझ्या घावण्यांच्या व्हिडिओत अकरा सांधे आहेत, आणि घरच्यांपैकी कोणाला एकही सापडला नाही.

ती ‘चर्र’ मी वेगळी घेतली. सगळं आटोपल्यावर आजीला एक घावण जास्तीचं घालायला सांगितलं आणि माईक तव्याच्या कडेला, वाफ लागणार नाही असा हातभर लांब धरला. पीठ पडताक्षणी आधी ‘छन्न’ होतं, मग ‘चर्र’, आणि जाळी पडू लागली की बारीक फुटफुट. हे तिन्ही आवाज ऐकल्यावर मलाच पहिल्यांदा कळलं की आजी तव्याकडे न बघता घावण कधी उलटायचं ते कसं ठरवते. हा तुकडा जवळच्या चित्राखाली ठेवला. तिथे ओठ जुळवायचे नव्हते, त्यामुळे तो हवा तसा कापता आला.

निवेदन वेगळं असेल तर

चित्रावर मागून बोलायचं असेल, जसं की रापणीच्या दृश्यांवर माहिती सांगायची असेल, तर सगळा क्रम उलटा करा. आधी निवेदन लिहा, ऑडॅसिटीत रेकॉर्ड करा, इथे मनसोक्त कापा, अडखळलेलं काढा, शांतता आखूड करा. मग तयार निवेदन शॉटकटमध्ये ठेवून त्यावर चित्रं बसवा. चित्र आधी कापून त्यात बोलणं कोंबायला गेलात तर वाक्यं धावायला लागतात. बोलताना चुकलात तर थांबू नका, एक टाळी द्या आणि तेच वाक्य पुन्हा म्हणा. नंतर आलेखात सुळके दिसले की चुका कुठे आहेत ते लगेच सापडतं. लादीच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, तेव्हा कपाटाचं दार उघडून कपड्यांकडे तोंड करून बसा, किंवा समोर-मागे गोधड्या टांगा.

बाहेर काढणं

शॉटकटच्या ‘एक्सपोर्ट’मध्ये सुरुवातीपासून जी निवड असते, एच २६४ चित्र आणि एएसी आवाज, तीच बहुतेकांना पुरते. आवाजाचा रेट ४८,००० आहे ना, एवढं बघा. यूट्यूबसाठी स्टिरिओला ३८४ केबीपीएसची शिफारस आहे, तेवढं द्यायला हरकत नाही. तयार झालेली फाइल आधी हेडफोनवर ऐका, मग साध्या मोबाईलच्या स्पीकरवर ऐका, कारण गावातले निम्मे लोक तिथेच ऐकणार. स्पीकरवर शब्द कळत नसतील तर मागची गाज अजून उतरवा. सुरुवात, मध्य आणि शेवट, तिन्ही ठिकाणी ओठ तपासा. फक्त सुरुवात पाहून पाठवून देऊ नका.

आणि मूळ वेव्ह फाइल खोडू नका. जागा कमी पडली तर तयार व्हिडिओच्या प्रती खोडा, त्या पुन्हा काढता येतात. आजीच्या बोलण्याच्या फाइली मी दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवल्या आहेत, एक घरी आणि एक मुंबईला आत्याकडे, आणि प्रत्येकीच्या नावात तारीख आणि तेव्हा ती काय रांधत होती ते लिहिलं आहे.